आमची कुत्री बेवारस नाहीत: पशुसंवर्धन विभागाला आणि पालिकांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील महानगरपालिकांचे आयुक्त आणि नगरपालिका-नगरपंचायतींचे मुख्याधिकारी

विषय: मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांची धरपकड व नसबंदी थांबवणं आणि वाड्यावरच्या पैदाशीला मान्यता देणं

महोदय,

सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मोकाट कुत्र्यांबाबत आदेश दिले, तेव्हापासून कुत्री पकडण्याच्या कामाला जोर आला आहे. शाळा, दवाखाने, एसटी स्थानकं इथं पोरंबाळं आणि आजारी माणसं निर्धास्त असावीत, याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. कुत्रं चावण्याची भीती काय असते, हे उघड्यावर झोपणाऱ्यांना कुणी सांगायला नको. पण या धरपकडीत रस्त्याकडेच्या रानात उतरलेल्या धनगरवाड्यांवरची, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या मुक्कामांवरची, राखणीची कुत्रीही उचलली जातात आणि त्यांतल्या माद्यांची नसबंदी होते. हे मुकाट सोसण्यासारखं नाही, म्हणून पत्र तुम्हाला लिहिते आहे आणि सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी माण तालुक्यातल्या मेंढपाळ घरातली. शाळेत शिकवते, त्यामुळं माझा मुक्काम आता एका गावात असतो. आई, आबा, भाऊ आणि वहिनी मात्र दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतात. फलटण, शिरवळ, भोर करत घाट उतरून कोकणात जातात आणि मृगाच्या आत माघारी येतात. माझं लहानपण याच वाटेवर गेलं.

गेल्या हंगामात आमचा वाडा एका शहराच्या कडेला, पीक निघालेल्या रानात उतरला होता. खतासाठी मेंढ्या रानात बसवायला शेतमालकानंच बोलावलं होतं. गडी मेंढरं चारायला गेले होते, बायका पालापाशी होत्या. कुत्री पकडणारी गाडी आली आणि कोकरांच्या वाघरीशेजारी, म्हणजे जाळीच्या कुंपणाशेजारी, बसलेली आमची भुरी धरून घेऊन गेली. वहिनीनं परोपरीनं सांगितलं की ती आमची आहे. पट्टा नाही, परवाना नाही, मग तुमची कशावरून, असं तिला विचारलं गेलं. चरून झालेल्या रानात एवढी मेंढरं थांबवून ठेवता येत नाहीत, वाड्याला पुढं सरकावंच लागतं. भाऊ मोटारसायकलवरून हेलपाटे घालत राहिला. शेवटी भुरी सापडली ती त्याच रानाच्या बांधावर. कानाला खाच, पोटावर टाके. नियमाप्रमाणं तिला जिथून उचललं तिथंच आणून सोडलं होतं. वाडा तोवर कितीतरी पुढं गेला होता.

भुरी आजही वाड्यावर आहे आणि राखण करते. पण तिची आई आमच्याच वाड्यावरची होती, तिची आजीसुद्धा, आणि आमच्या आज्जीला त्याच्याही मागच्या कुत्र्यांची नावं तोंडपाठ होती. भुरीच्या पहिल्या वेतातली पिल्लं आम्ही सोयऱ्यांच्या वाड्यांवर दिली होती, दुसऱ्या वेतातली ठेवायची होती. आता दुसरं वेत होणार नाही. किती पिढ्यांनी निवडून निवडून आणलेली ओळ एका सकाळी तुटली, आणि ज्यानं ती तोडली त्याला आपण काही तोडलं याची कल्पनाही नव्हती.

ती कल्पना यावी म्हणून वाड्यावरची पैदास कशी चालते हे थोडं सविस्तर सांगते. आपल्या कागदांत ते कुठं लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

मेंढरं दिवसभर चरायला जातात तेव्हा लहान कोकरं वाड्यावरच असतात, आणि ती सांभाळतात बायका. कुत्रीची पिल्लंही त्याच सांभाळतात. त्यामुळं कोणती कुत्री कुणाच्या पोटची, कोणत्या वेतातलं पिल्लू कसं निघालं, हा सगळा हिशेब बायकांच्या डोक्यात असतो. मादी माजावर आली की तिला रात्री पालात बांधतात, दिवसा नजरेआड होऊ देत नाहीत. नर शक्यतो दुसऱ्या वाड्याचा बघतात. एका वेतातली किंवा जवळच्या नात्यातली जोडी लागू द्यायची नाही, हा दंडक आज्जीनं आईला घालून दिला आणि आईनं वहिनीला. चांगला नर कुणाकडं आहे याची बातमी जत्रेत, लग्नात, वाटेवर वाडे भेटले की कळते. त्यासाठी माणसं वाट वाकडी करून जातात.

साधारण दोन महिन्यांनी कुत्री विते. चालीत वेत झालं तर पिल्लं घोड्यावर, कोकरं आणि कोंबड्यांच्या सोबतीनं पुढच्या मुक्कामाला जातात. डोळे उघडून पिल्लं पायांवर चालू लागली की ती कोकरांच्या वाघरीतच वाढतात. राखणीच्या कुत्र्याची खरी घडण इथं होते. जन्मल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लाचं मन ज्यांच्यात रमतं, त्यांना ते जन्मभर आपलं मानतं, हे पशुवैद्यकाच्या पुस्तकातही आहे आणि आमच्या आईच्या अनुभवातही आहे. मेंढरांचा वास, त्यांची ऊब, त्यांचं ओरडणं हे या काळात मिळालं नाही, तर कितीही चांगल्या आईबापांचं पिल्लू असो, ते पुढं मेंढराला खेळणं समजतं नाहीतर भक्ष्य.

पुढची निवड कामावरून होते. सहा-आठ महिन्यांचं झालेलं कुत्रं कोकरांना ओढू लागलं तर त्याच्या गळ्यात लोढणं अडकवतात, दटावतात. तरीही सवय गेली नाही तर त्याला वाड्यावर ठेवत नाहीत, वस्तीवरच्या ओळखीच्या शेतकऱ्याला देतात. रात्री कळप सोडून भटकणारं कुत्रं पैदाशीला घेत नाहीत. आणि माणसाला चावणारं कुत्रं तर अजिबात नाही. हे मला ठळकपणे सांगायचं आहे. आम्ही दर दोन-चार दिवसांनी परक्या गावात, परक्याच्या रानात उतरतो. सकाळी शेतमालक येतो, त्याची पोरं मेंढरं बघायला येतात. अंगावर येणारं कुत्रं असेल तर दुसऱ्या दिवशी त्या गावात आम्हाला कुणी उभं करणार नाही. म्हणून अंधारात येणाऱ्या जनावरावर आणि चोरावर तुटून पडणारं, पण दिवसा धन्यानं एक शब्द टाकला की बाजूला होणारं कुत्रं आम्हाला लागतं. असं कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच मिळतं.

रंगाबद्दल, कानांबद्दल, शेपटीबद्दल वाड्यावर कुणी आग्रह धरत नाही. काळी, भुरी, पांढऱ्या छातीची, सगळ्या तऱ्हेची कुत्री असतात. जाणती माणसं बघतात ते रात्रीचं बसणं. चांगलं कुत्रं मेंढरांकडं पाठ करून आणि अंधाराकडं तोंड करून बसतं. मेंढरांकडं तोंड करून बसणारं पिल्लू असेल तर आबा म्हणतात, "ह्याचं ध्यान आत हाय, बाहीर न्हाय."

हे कुत्रं लांडग्याला मारायला नसतं. ते लांडग्याला अडवतं, भुंकून माणसाला जागं करतं आणि लांडग्यानं नाद सोडावा इतका वेळ उभं राहतं. लांडगा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे. सोलापूर, सातारा, पुणे, अहिल्यानगरच्या माळांवर तो टिकून आहे, आणि त्याच माळांवर आमची मेंढरं चरतात. दोघांना एकाच माळावर राहता येतं याचं एक मोठं कारण मधे उभं असलेलं हे कुत्रं आहे. राखण कमी पडली आणि एका रात्रीत डझनभर कोकरं गेली, तर मेलेल्या मेंढरात विष घालण्याचा विचार कुणा पोळलेल्या माणसाच्या मनात येतो. त्या विषानं लांडगा मरतो, तरस मरतं, कोल्हं मरतं. ज्यांना लांडगा वाचवायचा आहे त्यांनी आमच्या कुत्र्यांकडं लक्ष दिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

आता तक्रारी.

पहिली कायद्याच्या वर्गवारीची. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये आले. त्यांत एकीकडं घरात पाळलेलं कुत्रं आहे आणि दुसरीकडं रस्त्यावरचं. दर दोन-चार दिवसांनी गाव बदलणाऱ्या मालकाचं, पट्ट्याशिवाय मोकळं राहूनच काम करणारं कुत्रं कुठं बसवायचं, याचं उत्तर तिथं नाही. पकडणाऱ्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर दोनच रकाने आहेत, आणि पट्टा नसलेलं कुत्रं तो दुसऱ्या रकान्यात टाकतो. जिथून पकडलं तिथंच परत सोडायचं हा नियम एका गल्लीत राहणाऱ्या कुत्र्यासाठी योग्य आहे. आमच्या कुत्र्याला मात्र तोच नियम मोकाट करून टाकतो. वाडा पुढं गेलेला असतो, ओळखीचं माणूस नसतं, मेंढरं नसतात. जे कुत्रं कालपर्यंत कामावर होतं ते आज त्या शहराच्या कडेला उकिरडा धुंडाळतं. मोकाट कुत्री कमी करण्यासाठी निघालेली गाडी तिथं एक मोकाट कुत्रं वाढवून जाते.

दुसरी तक्रार पैदाशीच्या नियमांची. कुत्र्यांची पैदास व विक्री यांबाबतचे केंद्राचे २०१७ चे नियम विक्रीसाठी पिल्लं काढणाऱ्यांना डोळ्यांपुढं ठेवून केले आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अटी चांगल्या आहेत. १८ महिन्यांच्या आत मादी लावू नये, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकू नये, हे आम्हालाही मान्य आहे. पण नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क, पक्की जागा, त्या जागेची तपासणी, हे ज्याचं घर घोड्याच्या पाठीवर आहे त्यानं कसं करायचं? आमच्याकडं पिल्लू विकत नाहीत, देतात, म्हणून या नियमांच्या चौकटीत आम्ही येतही नाही. याचा परिणाम असा की नोंदणीकृत पैदासकार म्हणून शहरातला कुत्र्यांचा व्यापारी ओळखला जातो आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं निगुतीनं ओळ राखली, तिला शासनाच्या लेखी काहीच ओळख नाही.

तिसरी तक्रार नोंदीची, आणि इथं मला इतर राज्यांकडं बोट दाखवावं लागतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं तमिळनाडूच्या राजपालयम आणि चिप्पीपराई कुत्र्यांची नोंद आहे. कर्नाटकाच्या मुधोळची आहे. अलीकडं हिमाचलच्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्याचीही झाली, आणि ते तर आमच्या कुत्र्याचंच काम करणारं कुत्रं आहे. कर्नाटकानं मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र काढलं. तमिळनाडूचं चेन्नईत सैदापेटला पैदास केंद्र आहे. महाराष्ट्रातला धनगरी कुत्रा कोणत्याही यादीत नाही. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची वेगळी माहिती पहिल्यांदाच घ्यायची ठरलं, याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. पण त्या मेंढ्यांसोबत राखणीची कुत्री किती आहेत, त्यांत पैदाशीच्या माद्या किती, हे कळल्याशिवाय ही कुत्री वाढताहेत की संपताहेत हे कुणी सांगू शकणार नाही.

चौथी तक्रार औषधपाण्याची. हिच्यावर खर्च सर्वांत कमी आहे आणि फायदा सर्वांत जास्त, म्हणून ती मला सर्वांत जास्त टोचते. मेंढ्यांना लसी मिळतात, जंताचं औषध मिळतं. त्याच वाड्यावरच्या कुत्र्याला कुणी हात लावत नाही. एखादी मेंढी एकाच अंगाला गोल गोल फिरू लागते, मान वाकडी करते, खाणं सोडते आणि मरते. तिच्या मेंदूत पाण्याचा फोड झालेला असतो. तो फोड म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या फीतकृमीची पिल्लावस्था. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, मेंढी ते गवत खाते, आणि मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की चक्र पुन्हा सुरू होतं. कुत्र्याला ठरावीक काळानं जंताची गोळी दिली आणि मेंढीचं डोकं पुरलं किंवा जाळलं, तर हे चक्र तुटतं. मेंढरांवर खर्च करणाऱ्या विभागानं कुत्र्याच्या गोळीचा खर्च टाळणं म्हणजे आपल्याच खर्चावर पाणी सोडणं आहे. हे मी वहिनीला आणि तिच्या बरोबरीच्या बायकांना समजावते, आणि त्या ऐकतात. पण गोळी मिळाली पाहिजे.

रेबीजची लसही तशीच. वाडा ज्या तालुक्यात असेल तिथला दवाखाना म्हणतो तुम्ही आमच्याकडचे नाही, आणि ज्या तालुक्याचे आम्ही आहोत तिथं आम्ही सहा-सात महिने नसतो. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराची लस तर आमच्यापर्यंत पोचतच नाही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला तेव्हा देशभर काळजी व्यक्त झाली होती. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर कुत्र्यांतले असे आजार खोकडांपर्यंत पोचण्याच्या धोक्याचा अभ्यासही झाला आहे. आमची कुत्री लस टोचलेली असणं हे आमच्याइतकंच त्या माळाच्या भल्याचं आहे.

पाचवी तक्रार थोडक्यात सांगते. लांडग्यानं किंवा बिबट्यानं मेंढी मारली तर पंचनामा होतो, भरपाईची तरतूद आहे. राखण करताना कुत्रं मेलं तर कागदावर काहीच घडलेलं नसतं. उसाच्या पट्ट्यातून जाताना बिबट्या सगळ्यात आधी कुत्र्यावरच झडप घालतो. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यातही सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला होता. तयार कुत्रं गेलं की तसं दुसरं उभं राहायला दोन वर्षं लागतात.

सहावी तक्रार बिनविचारी संकराची आहे, आणि हिच्यात आमच्या लोकांचाही वाटा आहे. पंतप्रधानांनी ३० ऑगस्ट २०२० च्या 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा असं सांगितलं, त्यानंतर देशी कुत्र्यांना मागणी आली. मागणी आली की दलाल येतात. धिप्पाड दिसावं म्हणून परदेशी कुत्र्याशी संकर केलेली पिल्लं 'धनगरी' म्हणून विकली जातात, आणि काही वाड्यांवरचे तरुणही चार पैशांसाठी चांगल्या माद्या देऊन बसतात. वाटेवरच्या फार्महाऊसमधली सुटी राहिलेली रॉटवायलर, जर्मन शेफर्ड आमच्या माद्यांमागं लागतात ते वेगळंच. अशा संकराच्या पिल्लांत ताकद असते, पण मेंढरांबद्दलची माया नसते, आणि माणसावर केव्हा उलटतील याचा भरवसा नसतो.

लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराचा प्रश्नही मी टाळत नाही. पुणे जिल्ह्याच्या माळावर असा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि ती काळजी खरी आहे. पण त्यावरचा उपाय ज्यांच्या मादीवर नजर असते त्यांना त्या कामात बळ देणं हा आहे. माळाला लागून असलेल्या गावांच्या उकिरड्यांवर वाढणारी, कुणाचीच नसलेली कुत्री हा तिथला मोठा धोका आहे, आणि त्यांची नसबंदी जरूर व्हावी. आमचं सहकार्य राहील.

हे सगळं ऐकून एखादं पैदास केंद्र काढून द्यावं, असं आपल्याला वाटू शकेल. त्याबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे: नुसतं केंद्र नको. मुधोळसारखं शिकारी कुत्रं केंद्रात वाढवलं तरी त्याचा वेग त्याच्या अंगात उतरतो. राखणीचं कुत्रं पिंजऱ्याच्या ओळींमध्ये तयार होत नाही. त्याला मेंढरं लागतात, रात्र लागते, आणि कोणतं पिल्लू ठेवायचं हे ठरवणारी जाणती बाई लागते. वाडे मोडले आणि केंद्रात कुत्री उरली, तर दोन-तीन पिढ्यांत फक्त दिसायला तशी असणारी कुत्री उरतील. पैदास वाड्यावरच राहू द्या आणि शासनानं तिथं यावं.

आमच्या मागण्या अशा:

१. मेंढपाळांच्या मुक्कामावरची कुत्री पकडू नयेत, असं लेखी परिपत्रक सर्व स्थानिक संस्थांना जावं. शंका असेल तर आधी वाड्यावरच्या माणसाला विचारावं. तिथली बाई सांगत असेल तर तिचं सांगणं मालकीचा पुरावा म्हणून धरावं.

२. चुकून कुत्रं पकडलं गेलंच तर शस्त्रक्रिया न करता ते मालकाच्या ताब्यात द्यावं. मालकाला यायला वेळ मिळावा, आणि त्यासाठी दंड किंवा शुल्क घेऊ नये.

३. मेंढपाळाच्या ओळखपत्रावर त्याच्या राखणीच्या कुत्र्यांची नोंद घ्यावी आणि कुत्र्यांना शासनातर्फे फुकट पट्टा व बिल्ला द्यावा. तो राज्याच्या कोणत्याही जिल्ह्यात चालला पाहिजे. पट्टा घालायला आमची काहीच हरकत नाही, फक्त तो झुडपात अडकून कुत्र्याला फास बसणार नाही असा असावा.

४. कुठल्याही तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि १९६२ या फोन क्रमांकावरून बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकाकडून वाड्यावरच्या कुत्र्यांना रेबीज व डिस्टेंपरची लस आणि जंताचं औषध मोफत मिळावं. मेंढ्यांच्या लसीकरणाच्या दिवशीच हे केलं तर वेगळी फेरी लागणार नाही.

५. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या शिरवळच्या महाविद्यालयाकडं धनगरी कुत्र्याच्या पाहणीचं काम सोपवावं आणि कर्नालकडं नोंदीचा प्रस्ताव पाठवावा. शिरवळ कितीतरी वाड्यांच्या वाटेवरच आहे. जातीचं वर्णन लिहिताना काम आणि स्वभाव आधी लिहावा, रंग आणि उंची नंतर. आणि ते वाड्यावरच्या बायकांना विचारून लिहावं.

६. राज्याच्या महामेष या मेंढीपालन योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली, तशीच त्या गटासोबत वाड्यावर वाढलेलं एक पिल्लू देण्याची तरतूद व्हावी, आणि पिल्लू देणाऱ्या वाड्याला योग्य मोबदला मिळावा. ओळ राखणाऱ्याला चार पैसे सरळ मार्गानं मिळाले तर दलालाचं काम उरणार नाही.

७. राखण करताना वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मेलेल्या नोंदणीकृत कुत्र्याचा पंचनामा व्हावा आणि त्याची भरपाई मिळावी.

८. पुढचे नियम ठरवताना आमच्या माणसांना बोलवावं. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं धोकादायक म्हणून २३ जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालणारं पत्र काढलं, त्यात कांगल, अकबाश, कॉकेशियन शेफर्ड अशा दुसऱ्या देशांतल्या मेंढपाळांच्या राखणीच्या कुत्र्यांची नावं होती. संबंधितांचं म्हणणं न ऐकता काढलेलं म्हणून ते पत्र पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयात रद्द झालं. आमच्या कुत्र्याबद्दल कागद काढण्याआधी आमच्याशी बोलणं झालं तर सगळ्यांचाच वेळ वाचेल.

आमच्याकडून काय होईल तेही सांगते. लसीच्या दिवशी कुत्री हजर ठेवू. मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यापुढं टाकणार नाही. जी पिल्लं ठेवायची नाहीत, ज्या कुत्र्यांत चावण्याची खोड आहे, त्यांच्या नसबंदीला आम्ही स्वतः घेऊन येऊ, फक्त कोणती ते आम्हाला ठरवू द्या. माझ्या ओळखीच्या वाड्यांवरच्या मादीओळी लिहून काढायला मी सुरुवात केली आहे. आई सांगते, मी लिहिते. आपल्या अधिकाऱ्यांना ती वही बघायला मिळेल.

वाडे सध्या गावांकडं परतले आहेत आणि पावसाळाभर इथंच असतील. नोंद करायला, पट्टे वाटायला, लसी टोचायला हेच चार महिने हाताशी आहेत. परिपत्रक दिवाळीच्या आत निघावं, कारण त्यानंतर वाडे पुन्हा रस्त्याला लागतील आणि त्यांची वाट त्याच शहरांच्या कडेनं जाते. या पत्राचं उत्तर मला एकटीला पाठवू नये, जाहीर करावं, म्हणजे ते प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आणि प्रत्येक पालिकेत दाखवता येईल.

आपली नम्र,
माण तालुक्यातल्या एका मेंढपाळ घरातली लेक